गिरीची भाकरी

१० फेब्रुवारी १९७४, रविवार

थप्… थप्थप्… थप्. मग तळवा पिठावरून गोल फिरल्याची हलकी सरसर. पुन्हा थप्.

अव्वा, माझी आई, पहाटे काटवटीत भाकरी थापायची, तो आवाज. मी सात-आठ वर्षांचा, घोंगडीत, डोळे मिटलेले. पुढे शाळेत गुरुजी कविता चालीवर म्हणून घेऊ लागले तेव्हा वृत्ताचे नाव कळण्याआधी ताल ओळखीचा वाटला, तो या थापांमुळे. आज पहाटे इतका स्वच्छ ऐकू आला की उठून स्वयंपाकघरात गेलो. कोणी नाही. सूनबाई शांता अजून झोपलेली. गिरीने तिला जागवले असणार.

दुष्काळापासून या घरात थाप ऐकलेली नाही. ज्वारी दिसेना, रेशनला गहू आला, पोळीची सवय लागली. मुलाला, चि. मल्लूला, मनातून बरेच वाटले. हापिसात डबा उघडला की पोळी! आमच्या वडिलांच्या काळी पोळी सणाला, नाहीतर आजाऱ्याला.

गिरी, माझी नात, येत्या पाडव्याला चार पुरी करील. दिसते अडीचची. पोट मडक्यासारखे, हातपाय काड्या. मागल्या दिवाळीत अंगणात पळत होती. आता कडेवरून उतरत नाही. रडतेही कमी. ते कमी झालेले रडणेच मला…

१४ फेब्रुवारी

पेठेतल्या डॉक्टरांकडे. पोट दाबून पाहिले. "जंत, मास्तर."

शांता हळूच, "जंताचं औषध दोनदा झालं."

"मग तिसऱ्यांदा घ्या. आणि भाकरीबिकरी चुकूनसुद्धा नको, जड पडते. पाव द्या, बिस्किट दुधात भिजवून द्या, रव्याची पातळ खीर. हलकं."

हलके घेऊन घरी आलो. गिरीने बिस्किट आवडीने खाल्ले. संध्याकाळी सगळे तसेच बाहेर, फेसाळ, उग्र वासाचे. शांता मोरीत दुपटी धूत बसली. मी पुस्तक उघडे धरून बसलो. एक ओळ पुढे सरकली नाही.

२३ फेब्रुवारी

दुसरे डॉक्टर. यकृत म्हणाले. हिरव्या औषधाची बाटली. येताना टांग्यात शांता म्हणते, "एक म्हणतो जंत, एक म्हणतो यकृत, शेजारच्या म्हणतात दृष्ट. एवढंसं पोट, अप्पा. त्यात किती जण राहायला येणार?"

दोघेही हसलो. हसता हसता तिने पदर तोंडाशी नेला. मी तळ्याकडे बघत राहिलो. याच रस्त्याने मल्लूला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो. तो माझ्या डोक्यावर ताल धरून कविता म्हणे. जड होता. केवढे सुख होते त्या वजनात!

१ मार्च

मोठ्या दवाखान्यात गेलो. सकाळपासून रांगेत. बाई डॉक्टर, तरुण, चष्मा. पोट नंतर दाबले. आधी विचारले, "ही शेवटची ठणठणीत कधी होती?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारले नव्हते. शांता गोंधळली. मी सांगितले, दुष्काळाच्या आधी. तेव्हा दुधात कुस्करलेली भाकरी खायची, ताटली चाटून पुसून ठेवायची.

"आणि दुष्काळात?"

"रेशनचा गहू."

बाई बराच वेळ गिरीच्या मांड्यांची सुटलेली कातडी चिमटीत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, एक आजार आहे. गहू सोसत नाही. सिलिॲक म्हणतात. परीक्षेपुरता वाचलाय. गोऱ्या लोकांचा म्हणून आम्ही पान उलटलं. मी असा एकही पेशंट पाहिलेला नाही. न पाहिलेल्यावर उपचार करायला लागले तर तुमच्या मुलीवर शिकल्यासारखं होईल. ज्यांनी पाहिलेत, त्यांच्याकडे जा. पुण्याला आहेत."

चिठ्ठी दिली. "मला माहीत नाही" असे म्हणणारा डॉक्टर या आयुष्यात पहिल्यांदा भेटला. पाया पडावेसे वाटले, वयाने लेकीएवढी असली तरी.

सिलिॲक. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होतो. एखाद्या लांबच्या नदीचे नाव असावे तसे.

४ मार्च, सोमवार

मल्लू रजा काढायला तयार नाही. "गव्हानं कोण आजारी पडतं, अप्पा? गहू म्हणजे आजाऱ्याचं अन्न." खरे आहे. आमच्याकडे कोणाच्या ताटात पोळी दिसली की विचारायचे, बरं नाही का? पण शांताने बोचके बांधले. "तुम्ही राहा. मी आणि अप्पा जातो." मग तोही आला.

८ मार्च, पुणे

गाडीत कुर्डुवाडीला फलाटावर बिस्किटांची ढकलगाडी. गिरीने हात केला. शांताने खिडकी लावून घेतली. गिरी रडली, मोठ्याने, हातपाय झाडून. मला बरे वाटले. अंगात तेवढी धग आहे अजून.

डॉक्टर माझ्याच वयाचे, किंचित बहिरे. आम्ही सोलापूरचे म्हटल्यावर भुवया वर. "तुमच्याकडे ज्वारी. तिकडून हा आजार माझ्याकडे कोणी आणला नव्हता." मग सगळे तपासून, "मला वाटतं आहे तोच. पण वाटतं म्हणजे आहे असं नव्हे. आतड्यात नळी घालून तुकडा काढून बघायची सोय मुंबईत आहे, पण ही पोर आत्ता ते सोसायची नाही. गहू बंद करा. पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, शेवया सगळं बंद. जवसुद्धा नाही, सातूचं पीठ नाही. पावसाळ्यापर्यंत बघू. आजार तोच असेल तर मूल वेगळं दिसेल."

"आणि नसेल तर?" शांता.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग गिरीकडे. "तर दुसरं काहीतरी आहे. ते मला आत्ता बोलायचं नाही."

मल्लू, "औषध?"

"भाकरी."

"काय?"

"ज्वारीची भाकरी. भात. वरण. ताक."

बाहेर आल्यावर मल्लू म्हणतो, "एवढं पुण्याला येऊन भाकरीच का!" शांताने त्याच्याकडे जे काही पाहिले!

१५ मार्च

मंगळवेढ्याकडची नवी ज्वारी आली. पोते उघडले तेव्हा मूठभर घेऊन वास घेतला. दुष्काळानंतरचे दाणे, मोत्यांची उपमा सगळ्यांनी वापरून झिजवली, तरी दुसरी सुचत नाही.

पण शांताचा थापायचा हात मोडला आहे. दोन वर्षे लाटण्याची सवय. भाकरी काटवटीतून उचलली की फाटते, तव्यावर तिचे नकाशे होतात. शेवटी अक्काला अक्कलकोटहून आणले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, काशव्वा. ती आली, हातपाय धुतले, विभूती लावली, आणि शांताला बाजूला सारून बसली.

"सर की गं. सून पोळीवाली झाली म्हणून पोर उपाशी मारायची काय?"

आणि थाप. मी ओसरीवर होतो. उठलो नाही. डोळे मिटून घेतले.

२५ मार्च

गिरीला "नको" म्हणायला शिकवायचे कसे? आळीत ज्याच्या-त्याच्या हातात काहीतरी असते, आणि आजारी पोर म्हटले की माया उतू जाते. मी मास्तर. चाळीस मुलांना पाढे पाठ करून घ्यायचो ते तालावर. तेच केले.

पोळी नको, पाव नको,
बिस्किटाचं नाव नको.
रवा, शेवया, गव्हाची खीर
पाहून गिरी धरते धीर.
भाकर द्या हो, द्या हो भात,
धुऊन आले दोन्ही हात.

काव्य म्हणून अगदी सामान्य. पण गिरीने दोन दिवसांत पाठ केले. शेजारणीने कुरडई पुढे केली तर तिच्यापुढे उभे राहून सबंध म्हटले, हातवाऱ्यांसकट. शेजारीण कुरडई हातात घेऊन ऐकत राहिली. मी आतून ओरडलो, "कुरडईसुद्धा गव्हाचीच हो!" वृत्तात ती बसली नव्हती.

१८ एप्रिल

आज गिरी कडेवरून उतरली. कोणी सांगितले नाही. उंबऱ्याला धरून उभी राहिली, मग बाहेर. कोंबडीमागे चार पावले. खाली बसली. पुन्हा उठली. शांता दारात, हातात ओले फडके, पाणी ठिबकतेय.

संध्याकाळी मल्लू हापिसातून आला तसा चपला न काढता तिच्यामागे धावला. डब्यात आता तोही भाकरीच नेतो. "मित्र चिडवतात का?" विचारले. "चिडवू देत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन घास मागून घेतात ते."

२ मे

मन सारखे मागे जाते. आंबे, पन्हे, उन्हाळी सुट्टीत अव्वाचे माहेर.

मला विषमज्वर झाला होता ते अक्काला अजून लख्ख आठवते. ताप उतरल्यावर मी चालायला विसरलो होतो म्हणे. "अव्वानं तुला सत्त्वावर उठवलं, लिंगू." खरेच. गव्हाचे सत्त्व. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून फडक्यातून गाळायचे, खाली पांढरे बसते ते उन्हात वाळवायचे. मग दुधात शिजवून, गूळ, चिमूटभर वेलदोडा. त्याचा तो मंद, दुधाळ वास. वाटी कलंडवून तळचे बोटाने घ्यायचे. या जन्मात त्याहून गोड काही…

अक्का म्हणते, पोरीला सत्त्व दे की. पोट बसलं, आता ताकद नको?

शांता अडखळली. "अक्का, गव्हाचं ना ते?"

"गहू कुठाय त्यात? चोथा सगळा गाईला जातो. वरचं पाणी ओतून टाकतो. अय्य शिवने, तान्ह्या पोराला चालतं ते!"

"डॉक्टरांना विचारू का, अप्पा?"

मी म्हणालो, अगं, गव्हातला गहू गेला की सत्त्व उरते. नाव काय उगीच दिलेय? करू दे तिला.

९ मे

गच्चीवर पांढऱ्या वड्या वाळताहेत. अक्का कावळे हाकलत सावलीला बसते आणि अव्वाची गाणी म्हणते, निम्मी कन्नड, निम्मी मराठी. मी शेजारी. दोघे म्हातारे, अव्वाची दोन लेकरे. खाली गिरी माझी कविता म्हणते आहे. फार बरा दिवस.

११ जून

गिरीला पुन्हा सुरू झाले. हवा बदलली म्हणून असेल.

१७ जून

हवेमुळे नाही. पोट पुन्हा तट्ट. कोंबडी समोरून जाते आणि ही बघत नाही. शांता घरातले सगळे डबे उपसते, पिठे चाळते, शेजारच्या मुलांना दरडावते. कोणी काही दिलेले नाही. अक्का सकाळ-संध्याकाळ सत्त्व भरवते. तेवढेच पोटात राहते म्हणते.

मल्लू आज जेवला नाही. ताटावरून उठताना म्हणाला, "म्हणजे ते नाही, अप्पा. दुसरं आहे. जे त्यांना बोलायचं नव्हतं ते."

३ जुलै, पुणे

डॉक्टरांपुढे गिरीने कविता म्हटली. आवाज बसका, पण एक शब्द चुकली नाही. ते हसले. "कवी कोण?" मी मान खाली घातली. अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

मग शांताला म्हणाले, "बाई, आता तुम्ही सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात जे जातं ते. पाणीसुद्धा."

शांता सांगू लागली. भाकरी-दूध. भात. ताक. सत्त्व.

"कशाचं?"

शांताने माझ्याकडे पाहिले. मी उत्तर दिले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, रागावते तर बरे. म्हणाले, "आजोबा, कितीही धुतलं तरी गव्हातलं जे हिला बाधतं ते त्यात राहतंच. दिसत नाही. या मुलीला तेवढं पुरे आहे." थांबून, "एक सांगू? ही पूर्ण बरी झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी मीच तुम्हाला सांगणार होतो, थोडा गहू पुन्हा देऊन बघा. खात्री करायची तशीच रीत आहे. बंद केल्यावर बरी झाली, दिल्यावर पडली. तुमच्या घरानं ते आधीच केलं. मी मात्र हिच्या या वयात, या अंगावर, करायला धजलो नसतो."

मल्लू, "म्हणजे दुसरं काही नाही?"

"आता मला तसं वाटत नाही."

मल्लू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी खुर्चीत. आनंद आणि लाज एकाच वेळी आले तर माणसाने आधी कोणाला बसायला सांगावे?

निघताना शांताने विचारले, मोठेपणी जाईल ना? डॉक्टर म्हणाले, "पूर्वी आम्ही म्हणायचो, जातं. हल्ली म्हणतात, जात नाही. आणखी मोठ्या होऊ देत अशा मुली, मग कळेल."

५ जुलै

अक्काला सांगायचे होते. मी तीनदा ओसरीवरून आत गेलो, तीनदा पाणी पिऊन परत आलो. शेवटी शांताने सांगितले. आवाज न चढवता, तिच्या शेजारी बसून.

अक्का उठली. फडताळातून सत्त्वाचा डबा काढला, गोठ्यात नेऊन गाईपुढे रिकामा केला. येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अव्वानं तुला ज्यानं उठवलं, त्यानं मी हिला पाडलं होय रे, लिंगू?"

म्हणालो, अक्का, मीच करायला सांगितले.

"तू सांगितलंस. ढवळलं मी."

८ जुलै

अक्का चुलीपाशी येत नाही. "माझ्या हातचं नको पोरीला." बोचके बांधून ठेवले आहे. पावसाने ओढ्याला पाणी म्हणून एस.टी. बंद, एवढ्यासाठीच राहिली.

आज दुपारी शांताने काटवट उचलली आणि अक्काच्या मांडीपुढे आदळली. पीठ, पाणी, सगळे. "हे बघा अक्का. मला भाकरी येत नाही. फाटते. गिरी फाटकी खात नाही, तुम्हीच लाडावलंय. तुम्हाला जायचं तर जा, पण आधी मला शिकवा. तोवर पोरगी उपाशी."

"उपाशी कशी ठेवशील गं!"

"ठेवणार. बघा तुम्ही."

अक्काने पदर खोचला. मग पाणी ओतले. "हात इकडं आण. असा नाही. बोटं मिट."

दोन आवाज येत होते आज. एक जुना, एक चुकत-माकत.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. मठात दासोहाच्या पंक्तीला हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यांचा वास. गूळ, खपली गहू, खसखस. लहानपणी पंक्तीत मी ओंजळ पुढे करायचो, वाढपी हसायचा. आज आम्ही गिरीला नेले, डबा बरोबर. स्वामींनी विचारले, प्रसाद नाही घेणार? गिरीने कविता म्हटली. आता तिच्यात "सत्त्व नको, कुरडई नको" घातले आहे. ओळ लांबली, ताल मोडतो, गिरीला मध्येच श्वास घ्यावा लागतो. राहू दे.

स्वामींनी तिच्या कपाळाला विभूती लावली. म्हणाले, तुझा प्रसाद हाच.

मी हुग्गी घेतली नाही. सवयीने हात पुढे गेला होता. परत घेतला. कोणी मनाई केलेली नव्हती.

२९ ऑगस्ट

गालांवर मांस धरते आहे. केस कुरळे निघताहेत, अव्वासारखे. गिरीने आज विचारले, "अज्जा, पोळी कशी लागते?" विसरली! मी काय सांगणार? म्हणालो, भाकरीसारखीच, पण आवाज नसलेली. तिला पटले.

पुढे शाळा येईल, मैत्रिणींचे डबे येतील, लग्न, सासर, तिथल्या पंक्ती. कुठवर पुरेल माझी सहा ओळींची कविता? मी तर नक्की पुरणार नाही.

१४ सप्टेंबर

सकाळी लिहायला बसलो होतो. विषय निराळाच होता, आमच्या शाळेतल्या चिंचेबद्दल काहीतरी. दाराची कडी वाजली. मल्लू हापिसात, शांता मागे धुण्याला. उठलो.

दारात अनोळखी माणूस. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा, पटका. मागे बायको, तिच्या कडेवर लुगड्यात गुंडाळलेले लेकरू. फक्त डोके दिसत होते.

"गव्हाचं मास्तर हितंच ऱ्हात्यात का?"

म्हटले, मास्तर मीच. गव्हाचा कसला?

"सांगोल्याकडनं आलोय. रातच्या गाडीत एक बाई भेटली. म्हणली, सोलापुरात एक म्हातारं हाय, त्येंच्या नातीचं प्वाट असंच व्हतं, त्येनी गहू सोडवून बरं केलं. इचारत इचारत आलो."

मी घाईने सांगितले की बाबा, मी डॉक्टर नाही. मला यातले काही कळत नाही. जे कळते असे वाटले ते चुकले होते. पोट फुगायला हजार कारणे. तुम्ही मोठ्या दवाखान्यात जा, तिथे एक बाई आहेत, चष्म्याच्या…

"तुमी डाक्टर न्हाय ते ठावं हाय की," तो म्हणाला. "डाक्टर तीन झालं."

बायको पुढे आली. तिने लेकराच्या पोटावरून लुगड्याचा पदर बाजूला केला.